शून्याची ओळ

गेल्या मार्चमध्ये एका सोमवारी आमच्या प्रयोगशाळेच्या बैठकीत माझ्या फाइलीचं चांगलंच हसं झालं.

मी कॅन्ससमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. कामाचा विषय पाऊस. जुन्या, हाताने लिहिलेल्या पावसाच्या नोंदी संगणकात आणायच्या आणि त्यांवरून पावसातले खंड मोजायचे, म्हणजे ऐन पावसाळ्यात सलग किती दिवस कोरडे गेले ते पाहायचं. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतका पडूनही मधल्या वीस दिवसांच्या खंडाने पीक जातं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

या नोंदी ठिकठिकाणहून येतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्या सगळ्या एका साच्यात बसवायच्या होत्या. तो साचा कोणता, हे त्या दिवशी ठरायचं होतं. नमुना म्हणून मी आमच्या दादांच्या वह्या नेल्या होत्या. दादा म्हणजे माझे आजोबा, पण सगळं घर त्यांना दादाच म्हणायचं. वह्यांतला मजकूर मी एक्सएमएलमध्ये उतरवला होता. एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर तिच्या नावाची पाटी लावतात. त्या पाटीला टॅग म्हणतात. पाटीवरचं नाव इंग्रजीतच हवं असा नियम नाही. १९९८ मध्ये एक्सएमएलचं प्रमाण ठरलं तेव्हापासून देवनागरी नावं चालतात. म्हणून मी लिहिलं होतं ते असं:

<नोंद><दिनांक>१९७२-०७-१४</दिनांक><पाऊस>०</पाऊस><नक्षत्र>पुनर्वसू</नक्षत्र><शेरा></शेरा></नोंद>

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने तिथल्या तिथे बाइट मोजले. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नक्षत्र’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द वाटतो, पण संगणक जोडाक्षरं फोडून त्याची ७ चिन्हं करतो, म्हणजे २१ बाइट. वरची एक ओळ झाली २२८ बाइटची. त्यातले १७५ बाइट नुसत्या पाट्यांचे. आणि एवढं करून सांगायचं काय, तर पाऊस पडला नाही! सगळे हसले. मीही हसले.

त्याचं म्हणणं साधं होतं. पाट्या काढून टाक, स्वल्पविराम दे, म्हणजे सीएसव्ही कर. तीच ओळ ५६ बाइटमध्ये बसते. शिवाय पाऊस शून्य असेल त्या दिवसाची ओळ लिहायचीच कशाला? जो दिवस फाइलीत नाही तो कोरडा, असं धरून चालू.

पहिल्या सूचनेवर मला वाद घालता आला असता. दुसरी ऐकली आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ते मी एकदा करून बसले होते.

*

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. दुष्काळी तालुका म्हणून ज्याचं नाव वर्तमानपत्रांत येतं तो हाच. दादा तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवला होता: जमिनीत पुरलेलं नळकांडं, वर पाच इंच व्यासाचं नरसाळं, आत बाटली आणि मोजायला काचेचं मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजायचं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहायचा. भारतभर हीच वेळ आहे. सुट्टी असो, सण असो, दादा साडेआठला शाळेत. १ जानेवारी १९५५ ते ३१ डिसेंबर १९८४, सलग तीस वर्षं. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली आणि वह्या थांबल्या.

वहीचं पान आखलेलं असायचं: तारीख, पाऊस, नक्षत्र, शेरा. सुरुवातीच्या वह्यांत पाऊस इंचांत आहे, नंतर मिलिमीटरमध्ये. नक्षत्राचं नाव पावसाळ्यातच, मृगापासून स्वातीपर्यंत. गावात पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. दादा मात्र पंचांगातलंच नाव लिहीत. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालतं. पहिल्या दिवशी ते पूर्ण नाव लिहीत आणि खाली प्रत्येक ओळीत दोन टिंबं. वरीलप्रमाणे, या अर्थाची. नवं पान सुरू झालं की नक्षत्र तेच असलं तरी नाव पुन्हा पूर्ण लिहायचं. पान उलटल्यावर वाचणाऱ्याला ‘वरील’ म्हणजे काय ते दिसत नाही, म्हणून.

पाऊस नसेल तर ०. मोजता येणार नाही इतका असेल तर ० आणि शेऱ्यात ‘शिंतोडे’. मोजलाच नसेल तर आडवी रेघ आणि ‘नोंद नाही’. या तीन गोष्टी त्यांनी तीस वर्षांत कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

*

त्या सोमवारी काही ठरलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत मी आकडे आणते, असं सांगून मी उठले. शनिवार-रविवार बाहेर गारठा होता, तेव्हा घरात बसून हाच उद्योग केला. १९५५ ते १९७५ या एकवीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे पूर्ण उतरवलेल्या आहेत. दिवस ७,६७०. हा एकच मजकूर पाच साच्यांत ओतला: लांब नावांचं एक्सएमएल, एकेका अक्षराच्या नावांचं एक्सएमएल, जेसन, सीएसव्ही आणि शेवटी एक आडवा प्रकार, ज्यात सगळ्या तारखा एकीकडे, सगळे पाऊस एकीकडे, सगळे शेरे एकीकडे. मग प्रत्येक फाइल जीझिपने दाबली आणि आधीचे-नंतरचे आकार मांडले.

आकडे देण्याआधी हे दाबणं चालतं कसं ते सांगते. आपण रोज इतक्या ‘झिप’ फाइली उघडतो, पण आत काय होतं ते फारसं कुणी विचारत नाही. जीझिपच्या आत दोन युक्त्या आहेत. पहिली झिव आणि लेम्पेल या दोघांची, १९७७ सालची. मजकूर वाचत जायचं. पुढे येणारा तुकडा मागे कुठे येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. त्याऐवजी फक्त सांगायचं, इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल. दादांची दोन टिंबं ती हीच. संगणकाची टिंबं जरा जास्त हुशार, कारण ती बरोबर वरच्या ओळीतलंच उचलतात असं नाही. मागे कुठलंही उचलतात.

मात्र कुठलंही म्हणजे अगदी कुठलंही नव्हे. जीझिपला मागचे फक्त ३२ किलोबाइट आठवतात. त्याच्या पलीकडचं त्याला दिसत नाही, आणि मग तो शब्द पुन्हा पूर्ण लिहावा लागतो. म्हणजे यालाही पान उलटणं आलंच.

दुसरी युक्ती हफमनची, १९५२ ची. जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण द्यायची, क्वचित येतं त्याला लांब. आपण पत्रावर मु. पो., ता., जि. लिहितो आणि गावाचं नाव मात्र पूर्ण लिहितो, तसंच काहीसं.

आता आकडे, ढोबळ पण माझ्या टेबलावर मोजलेले. दाबण्याआधी लांब नावांची एक्सएमएल फाइल सुमारे १७ लाख बाइटची होती, एका अक्षराच्या नावांची ८ लाखांची, जेसन या दोन्हींच्या मधे आणि सीएसव्ही ४ लाखांची. सगळ्यात मोठी सगळ्यात लहानीच्या चौपटीहून जास्त. दाबल्यावर लांब नावांची ८० हजारांच्या आसपास आली. आखूड नावांची तिच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन हजारांनी कमी. सीएसव्ही ७० हजारांच्या घरात. चौपटीचा फरक सव्वापटीच्याही आत आला. सगळ्यात लहान ठरला तो आडवा प्रकार. त्यात सारखं सारख्याशेजारी येतं. नक्षत्रांखाली नक्षत्रं, शून्यांखाली शून्यं. टिंबं द्यायला याहून सोयीचं काही नाही.

सीएसव्ही थोडी पुढे का राहते, तेही मग ध्यानात आलं. तिचं एक वर्ष साधारण १९ किलोबाइटमध्ये बसतं. जीझिप मागच्या वर्षीच्या याच दिवसापर्यंत मागे वळून पाहू शकतं. एक्सएमएलचं वर्ष ८० किलोबाइटच्या आसपास, म्हणजे मागचं वर्ष नजरेआड. हे खरं असेल तर ज्याला जास्त मागचं आठवतं अशा साधनाने दाबल्यावर फरक आणखी घटायला हवा. एक्सझेड नावाच्या साधनाला नेहमीच्या वापरातही काही मेगाबाइट मागचं दिसतं. त्याने दाबून पाहिलं, आणि तसंच झालं.

देवनागरीचा तिप्पट भारही असाच उतरला. त्या तीन बाइटांतला पहिला प्रत्येक चिन्हाला तोच असतो, आणि दुसरा फक्त दोनच प्रकारचा. खरी माहिती असते ती तिसऱ्यात. दाबणाऱ्याला हे न सांगता कळतं. आपली लिपी जागा खाते म्हणून रोमन लिपीत लिहा, हा सल्ला मला आजवर दोन-तीनदा मिळाला आहे. दाबलेल्या फाइलीत तरी त्याला फारसा अर्थ उरत नाही.

थोडक्यात, एकसारखी नावं हजारदा लिहिण्याची किंमत दाबताना जवळजवळ शून्य होते. लांब नाव पहिल्यांदा येतं तेव्हा पूर्ण मोजावं लागतं, मग पुढे नुसती टिंबं. शून्याच्या ओळींचंही तेच. जे पुन्हा पुन्हा येतं त्याची घडी घालायचं काम यंत्राचं आहे, आणि ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. शिवाय घडी उलगडली की एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नसतो.

*

रविवारी रात्री सहज म्हणून वर्षं सुटी केली आणि एकेक वर्ष वेगळं दाबलं. उघड्या फाइली सगळ्या साधारण सारख्या, कारण दिवस सारखेच. दाबल्यावर मात्र एक वर्ष बाकीच्यांपेक्षा बरंच लहान निघालं. मी आकडा परत पाहिला. १९७२.

आमच्या घरात बहात्तर हे नुसतं साल नाही. आजही घरात पानात टाकलेल्या भाकरीवरून बहात्तर काढलं जातं. बाबा तेव्हा लहान होते, त्यांना खडी फोडायच्या कामावरची रांग आठवते, सुकडी आठवते. आणि सगळ्या महाराष्ट्राला जो आठवतो तो लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. कॅन्ससमध्ये मिलोची शेतं मैलच्या मैल आहेत. इकडचे लोक त्याला मायलो म्हणतात आणि बहुतेक गुरांना घालतात. सप्टेंबरात कणसं तांबडी झाली की मी गाडी कडेला घेऊन बाबांना फोटो पाठवते. ते दर वेळी एकच उत्तर देतात, “खाल्लाय.”

असं ते साल, आणि फाइल सगळ्यात लहान. कारण समजायला वेळ लागला नाही. शून्याखाली शून्य, त्याखाली शून्य. शेरेही तेच ते: ‘आभाळ आलं, गेलं.’ जून, जुलै, ऑगस्ट, दादांच्या अक्षरात आभाळ येतं आणि जातं. जीझिपच्या दृष्टीने यात नवं काही नाही. मागे जा आणि तेवढंच पुन्हा उचल. मधे एका दिवशी फक्त ‘मिलो आला’ असे दोन शब्द आहेत. त्यांच्यासाठी यंत्राला थांबून नव्याने लिहावं लागलं असणार.

याच्या उलट डिसेंबर १९६७. कोरडा महिना, सगळी शून्यं, तो दाबल्यावर चिमुकला व्हायला हवा. पण ११ तारखेच्या ओळीत आहे: ‘पहाटे मोठा भूकंप. उतरंड पडली. सर्व अंगणात.’ कोयनेचा भूकंप तो. ‘उतरंड’ हा शब्द एकवीस वर्षांच्या मजकुरात एकदाच येतो. त्याचे सगळे १५ बाइट जवळजवळ जसेच्या तसे राहतात. मागे कुठेच नाही, तर उचलणार कुठून?

आकाराने लहान म्हणजे आत काही नाही असं मी आजवर नकळत धरत आले होते. बहात्तरची फाइल उलगडली की ३६६ ओळी बाहेर येतात. प्रत्येक दिवशी साडेआठला एक माणूस कोरडी बाटली बघायला गेला होता, ते त्या ओळी सांगतात. शून्याची ओळ गाळली तर हे जाणंही गळतं.

*

आता माझ्या चुकीबद्दल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले होते. एका विषयाच्या प्रकल्पासाठी खरा विदा हवा होता, आणि घरात तर खजिनाच होता. लाकडी पेटीतून वह्या काढल्या. अलीकडच्या आधी, म्हणून १९७६ ते १९८४ या नऊ वर्षांपासून सुरुवात केली. ३,२८८ दिवस. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यात दोन लग्नं. मग मी हुशारी केली. पावसाचे दिवस तेवढेच टंकले, शून्यं सोडली. रकान्यांना नावं दिली नाहीत, मला माहीत होतंच की. शेरे टंकायला वेळ लागतो म्हणून त्यांचे सात प्रकार केले आणि १ ते ७ असे आकडे दिले. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी शेवटच्या वहीत ठेवली. फाइल इतकी सुटसुटीत झाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आणि काम झालेल्या वह्या मी पेटीत तळाशी ठेवल्या. राहिलेल्या वर, म्हणजे पुढच्या वेळी हाताशी.

पुढची वेळ यायला पाच वर्षं गेली. वाळवी खालून येते. चुलतभावाने पेटी उघडली तेव्हा वरच्या वह्या शाबूत होत्या आणि तळाच्या नऊ मातीसारख्या हातात आल्या. त्याने वरच्यांचे फोटो काढून पाठवले, त्यावरूनच मी नंतर शब्द न् शब्द उतरवला. तळाच्या नऊ वर्षांचं जे काही जगात उरलंय ते माझ्या त्या सुटसुटीत फाइलीत. चिठ्ठीही वहीबरोबर गेली.

सातातले चार आकडे मी अंदाजाने ओळखले. मेमध्ये येणारा आकडा वळवाचा किंवा गारांचा असणार, वगैरे. ३ हा आकडा काय आहे ते मला आजही सांगता येत नाही. तो सगळ्या ऋतूंत येतो. दादांनी काहीतरी लिहिलं होतं, बहुधा प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत, आणि मी त्या सगळ्याचं ३ केलं.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. १९७९ च्या सप्टेंबरात त्या फाइलीत सलग अकरा दिवस एकही ओळ नाही. उत्तरा नक्षत्र. आमच्याकडे उत्तरेचा पाऊस हा वर्षाचा भरवशाचा पाऊस. रब्बीची ज्वारी त्याच्या ओलीवर होते. अकरा दिवसांचा खंड म्हणजे दखल घेण्यासारखी गोष्ट. माझ्या प्रबंधात खंडांचा एक आलेख आहे, त्यात हा अकरा दिवसांचा खंड ऐटीत बसलाय.

त्या रविवारी रात्री, म्हणजे तिकडे सोमवारी सकाळी, बहात्तरची फाइल पाहून झाल्यावर मी बाबांना फोन केला. इकडचं-तिकडचं झालं. मग विचारलं, “बाबा, एकोणऐंशीच्या सप्टेंबरात उत्तरा कोरड्या गेल्या होत्या का हो? तुम्हाला काही आठवतंय?”

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कोरड्या कशा जातील? अगं, आई गेली तेव्हाच. तिला नेताना ओढ्याला पाणी होतं. खांदेकरी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. मी दादांचा हात धरून होतो.”

आजी माझ्या जन्माआधी गेली. कुठल्या साली ते मी ऐकलं असणार, पण वहीशी कधी जोडलं नव्हतं.

“आणि पाऊस?” मी विचारलं.

“पाऊस कोण मोजतंय? सुतकात दादा घराबाहेर पडले नाहीत. तेरावं झाल्यावर शाळेत गेले. बाटली भरून वाहून गेली होती म्हणाले. ते त्यांना लागलं होतं. दोन-तीनदा बोलून दाखवलं त्यांनी.”

वहीत त्या अकरा दिवसांपुढे आडव्या रेघा असणार. अकरा रेघा आणि ‘नोंद नाही’, खाली दहा वेळा टिंबं. माझ्या डोळ्यांसमोरून ते पान गेलं असणार. पण मी पावसाचे आकडे शोधत होते, आणि त्या पानावर आकडे नव्हते. म्हणून मी दादांच्या सुतकाचा दुष्काळ केला.

*

पुढच्या सोमवारी मी पाचही साच्यांचा तक्ता दाखवला. माझा सगळा विजय झाला असं काही नाही. सहकाऱ्याने दोन रास्त मुद्दे काढले. दाबलेली फाइल साठवताना आणि पाठवताना लहान असते. गणित करायला उघडली की ती स्मृतीत पुन्हा पूर्ण फुगते. आणि इतक्या पाट्या वाचत जायला संगणकालाही वेळ लागतो. आमच्याकडे अशी हजारो ठिकाणं येणार आहेत. दोन्ही खरं आहे. शेवटी प्राध्यापकांनी मधला मार्ग काढला: रोजच्या गणितासाठी सीएसव्ही, कायम जपून ठेवायला लांब नावांचं एक्सएमएल, दाबलेलं. दोन्हींत शून्याची ओळ लिहायचीच, आणि मोजलं नाही हे शून्याहून वेगळं लिहायचं. यावर कुणी हसलं नाही. सहकाऱ्यानेच शेवटी विचारलं, की शेरे इंग्रजीत करायचे का. मी म्हटलं, मूळ मजकूर तसाच राहू दे, भाषांतराला वेगळी पाटी लावू. एक पाटी वाढली तर किती बाइट वाढतात ते आता आपल्याला माहीत आहे.

प्रबंधातल्या आलेखाबद्दल मी विद्यापीठाला कळवून दुरुस्ती जोडली. एका खंडाने निष्कर्ष बदलत नाही. तरी जोडली.

१९७९ च्या त्या अकरा ओळी मी आता लिहिल्या आहेत. पाऊस: नोंद नाही. शेरा रिकामा ठेवला, कारण दादांनी काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. त्यांच्यासाठी ‘आठवण’ नावाची एक नवी पाटी केली, आणि तिच्यात बाबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत घातलं: ओढ्याला पाणी होतं, खांदेकरी गुडघाभर पाण्यातून गेले. सांगणाऱ्याचं नातं आणि फोनची तारीखही लिहिली. दाबून पाहिलं. फाइल शे-दोनशे बाइटने वाढली. हे शब्द मागे कुठेच नव्हते.

इकडे कोकोरॉझ नावाचं एक स्वयंसेवकांचं जाळं आहे. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला मोठा पूर आला, आणि त्यानंतर १९९८ मध्ये ते सुरू झालं. कुणीही आपल्या अंगणात चार इंची पर्जन्यमापक लावायचा आणि रोज सकाळी सातच्या सुमारास पाऊस कळवायचा. नवीन माणसाला ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: पाऊस नसेल तर शून्य कळवा, गप्प राहू नका. एप्रिलमध्ये मीही मागच्या अंगणात एक बसवला. पहिल्या आठवड्यात शेजारीण कुंपणावरून पाहत होती. कोरडं ऊन पडलेलं असताना मी रोज वाकून रिकाम्या नळीत काय बघते, असं तिने विचारलं. काय सांगणार? शून्य आहे का ते बघते म्हटलं.

बाबा हल्ली फोनवर सुरुवातीलाच विचारतात, “आज किती?”

“शून्य.”

“लिहिलंस?”

“लिहिलं.”